स्टिअरिंगमधून येणारा आवाज

धावडा हे भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाचं, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं गाव. इथल्या घरासमोर उभी असलेली स्विफ्ट, वॅगन आर किंवा ईको शहरातल्या गाडीसारखं आयुष्य काढत नाही. ती दवाखान्यात जाते, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाते, लग्नसराईत पाचाऐवजी आठ माणसं बसवून जाते आणि वेळ पडली तर मागची सीट दुमडून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीची पोतीही नेते. शिवाय ती चालते काळ्या मातीवर. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेल्या रस्त्याचा भराव वर्षभर हलत राहतो, डांबराच्या कडा तुटतात, खड्ड्यांत टाकलेली खडी मोकळी होऊन चाकाखाली येते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं आणलेला चिखल रस्त्यावर वाळतो आणि त्याची धूळ गाडीच्या पोटाखालच्या प्रत्येक फटीत जाऊन बसते.

या सगळ्याचा पहिला मार पुढच्या चाकांवर बसतो. म्हणून काही हजार किलोमीटर झाले की एखाद्या दिवशी वळताना खट्ट असा आवाज येतो, किंवा खराब रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये खडखड जाणवायला लागते. मग मेस्त्रीकडे जाऊन सांगितलं जातं, "स्टिअरिंग आवाज करतंय." एवढ्या एका वाक्यावर कुणी रॅक बदलतं, कुणी दोन्ही शॉकअप बदलतं. हजारो रुपये जातात आणि आठवड्यानं आवाज पुन्हा येतो, कारण तो तिथला नव्हताच. माझं मत स्पष्ट आहे. आवाजाचं ठिकाण सापडल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये. ठिकाण शोधायला लागणारं बहुतेक सामान घरातच असतं: एक जॅक, एक टॉमी (लोखंडी पहार), हातातली बॅटरी (टॉर्च) आणि मदतीला एक माणूस.

हातात येणारा आवाज जन्मतो कुठे

स्टिअरिंग फिरवलं की त्याचा दांडा फिरतो. डॅशबोर्डाखालून तो दोन क्रॉस जॉइंटांमधून वाकत इंजिनाच्या मागच्या बाजूला उतरतो. तिथे एक लहान दातेरी चाक असतं, पिनियन. ते दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, डावीकडे किंवा उजवीकडे सरकवतं. रॅकच्या दोन्ही टोकांना रॅक एंड, त्यापुढे टायरॉड एंड, आणि टायरॉड एंड चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला, धरून चाक वळवतो. ही झाली स्टिअरिंगची साखळी. पण तीच नकल खाली लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर आणि वर शॉकअपच्या स्ट्रटवर टेकलेली असते. लोअर आर्म रबरी बुशांनी चासीला जोडलेला असतो. दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना बांधणारा स्टॅबिलायझर बार असतो आणि त्याला धरणाऱ्या दोन लिंक रॉड असतात.

हे सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं आहे. पोलादात आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरापट वेगानं जातो आणि वाटेत फारसा विरतही नाही. त्यामुळे डाव्या चाकाजवळच्या लिंक रॉडचा खडखडाट उजव्या हातातल्या स्टिअरिंगला जाणवतो आणि ड्रायव्हरला वाटतं की दोष आपल्या पायाजवळच आहे. स्टिअरिंगच्या म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मुळात सस्पेन्शनच्या असतात. कान इथे फसवतात. हात फसवत नाही, पण तो योग्य जागी ठेवावा लागतो.

आधी बिनखर्चाचं

गाडी उचलण्याआधी चाकांचे नट पान्यानं घट्ट आहेत का बघा. पंक्चर काढल्यानंतर घाईत नुसते हातानं आवळलेले नट शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतात आणि वळताना टकटक करतात. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धोकादायक आवाज आहे, म्हणून तो पहिला. नंतर टायरच्या नक्षीत अडकलेली खडी, सुटलेली व्हील कॅप, पूर्ण वळवल्यावर टायरला घासणारं मडगार्डचं प्लास्टिक. वेचणी संपल्यावर शेतातून गाडी काढली असेल तर खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात पऱ्हाटीचा तुकडा अडकून तो वळताना किरकिरत असतो. डिक्कीतला जॅक आणि पाना बांधलेला आहे का, सीटखाली पाण्याची बाटली लोळते आहे का, हेही पाहावं.

एक आवाज घाबरवणारा असतो आणि जवळजवळ निरुपद्रवी असतो. चाक फिरताना एकदम पत्रा कापल्यासारखी कर्कश किंकाळी येते, कधी वळताना वाढते, कधी ब्रेक लावल्यावर थांबते. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं एक संरक्षण असतं. त्याच्या आणि डिस्कच्या मधे बारीक खडी अडकली की असं होतं. गाडी थोडी मागे-पुढे घेतली तर ती बरेचदा पडून जाते. नाही पडली तर चाक काढून पत्रा बोटानं जरा मागे वाकवायचा. एवढ्यासाठी ब्रेक पॅड बदलायची गरज नाही.

उभ्या गाडीत

आता गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. टायर जमिनीवर घासल्याचा आवाज येईलच, तो दोष नाही.

फिरवताना पुढून टण्ण असा, स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर बॉनेट उघडा. एकानं स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्यानं चाकामागच्या स्प्रिंगवर हलका हात ठेवायचा. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायची नाहीत. स्प्रिंग चाकाबरोबर एकसारखी फिरायला हवी. ती आधी पीळ घेते आणि मग झटक्यानं सुटते असं हाताला जाणवलं, तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग धुळीनं किंवा गंजानं अडकलेलं आहे. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळंही पाहून घ्या. तिथे चिखल साचून गंज धरतो आणि शेवटचा तुकडा तुटतो. हे बेअरिंग किंवा स्प्रिंग बदलण्याचं काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा फोडेल एवढी ताकद साठलेली असते. तिला दोरीनं किंवा तारेनं बांधून उघडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो चुकीचा आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसलेल्या गॅरेजमध्ये स्ट्रट उघडूच देऊ नये.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांजवळ आवाज असेल तर प्रकरण वेगळं. सध्याच्या बहुतेक लहान गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं आणि त्याची मोटर थेट दांड्यावर, डॅशबोर्डाखाली बसवलेली असते. ही पद्धत सुझुकीनं १९८८ मध्ये सेर्व्हो या छोट्या गाडीत पहिल्यांदा आणली. त्याआधीची हायड्रॉलिक पद्धत अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये करून दाखवली होती, आणि १९५१ मध्ये क्रायस्लरनं ती बाजारातल्या गाडीत बसवली. छोट्या गाडीला इलेक्ट्रिक पद्धत सोयीची ठरली कारण पंप, पट्टा आणि तेलाचे पाइप गेले. पण मोटर माणसाच्या इतकी जवळ आली की तिची हलकी गुणगुण कानाला लागते. ती साधारणपणे दोष नसते. खराब रस्त्यावर मोटरच्या जागी बारीक टकटक येत असेल तर आतल्या वर्म गिअरच्या दातांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलेला असतो. तिथे गावातल्या मेस्त्रीला करण्यासारखं फारसं नसतं.

फिरवताना स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड लागतं आणि दोनदा हलकं, असं झालं तर क्रॉस जॉइंटकडे बघा. खालचा जॉइंट चिखल-पाण्याच्या वाटेत असतो, तो गंजला की ठरावीक कोनात अडकतो. आवाज किरकोळ असतो, पण लक्षण गंभीर आहे. वळणावर अडकलेलं स्टिअरिंग परत सरळ येत नाही. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरकडे जायचं असेल तर हा जॉइंट बदलल्याशिवाय निघू नये.

हॉर्नच्या भागातून कागद चुरगळल्यासारखी सळसळ येत असेल तर ती क्लॉक स्प्रिंगची. हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी म्हणजे क्लॉक स्प्रिंग. हॉर्न मधूनच बंद पडतो, एअरबॅगचा दिवा लागतो. एअरबॅगला हात लावण्याचं काम फक्त कंपनीच्या वर्कशॉपमध्ये व्हावं.

बोलेरो, सुमो, जुनी इंडिका अशा हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत फिरवताना घूंऽऽ असा आवाज आला तर आधी तेलाची डबी पाहा. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, डबीत फेस दिसतो. तेल नुसतं ओतून थांबू नका, ते गेलं कुठे ते शोधा. पाइपांची जोडणी ओली आहे का पाहा, आणि रॅकच्या रबरी बूटांमध्ये तेल उतरलंय का हे हातानं दाबून कळतं. डबीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच तेल घाला. आणि स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. टोकाला पंपाचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि तेल झपाट्यानं तापतं. पाच सेकंदांपेक्षा जास्त तिथे थांबू नये.

हलत्या गाडीत

मोकळं मैदान बघा. बाजारचा दिवस नसेल तर शाळेमागचं पटांगणही चालेल. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे घेऊन पहिल्या गिअरमध्ये गोल फिरवा, थोडा ॲक्सिलरेटर द्या. मग उजवीकडे. मग रिव्हर्समध्ये. कट-कट-कट असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा ठेका आला, तर पुढच्या एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट खाल्ला गेला आहे. याचं मूळ जवळजवळ नेहमी फाटलेल्या रबरी बूटात असतं. बूट फाटतो, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला शिंपडतं, त्या जागी चिखल जातो आणि गोळ्यांच्या खाचा झिजतात. बूट फाटलेला वेळेत दिसला तर स्वच्छ करून नवा बूट आणि ग्रीस घातलं की भागतं. कटकट सुरू झाल्यावर मात्र ग्रीस भरून काही होत नाही. ईको आणि साधी बोलेरो मागच्या चाकांवर चालतात. त्यांच्या पुढच्या चाकांना एक्सल नसतो, तेव्हा त्या गाड्यांत अशी कटकट आली आणि कुणी सीव्ही जॉइंटचं नाव घेतलं तर दुसरा मेस्त्री बघा.

सरळ चांगल्या रस्त्यावर, म्हणजे समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, वेग वाढला की घरघर वाढते आणि क्लच दाबून इंजिन मोकळं सोडलं तरी ती तशीच राहते, ती व्हील बेअरिंगची. हलकं डावीकडे वळवलं की वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. उलट झालं तर डाव्यावर. घासून लाटा पडलेला टायरही अगदी असाच आवाज करतो, म्हणून बेअरिंग बदलायच्या आधी टायरवरून तळहात फिरवा आणि पुढचे टायर मागे टाकून पाहा.

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क एकसारखी राहिलेली नाही. ब्रेक लावताना एकच खट्ट आणि सोडताना पुन्हा एक खट्ट, हे लोअर आर्मच्या मागच्या बुशाचं लक्षण आहे.

आणि मग राहते ती आपल्या भागातली सगळ्यात नेहमीची तक्रार. वेग वीसचा, रस्ता खडीचा, आणि पुढून सतत खडखड. याचा पहिला संशयित लिंक रॉड. चाचणी सोपी आणि पक्की आहे: एका बाजूची लिंक रॉड सोडून काढा, बार कुठे घासत नाही ना ते पाहून बांधून ठेवा, आणि त्याच रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर सावकाश जाऊन या. आवाज पूर्ण गेला तर निदान झालं, कारण एक टोक सुटल्यावर बारवर ताणच येत नाही. लिंक रॉड काहीशे रुपयांत मिळते, रॅक असेंब्लीला काही हजार लागतात. नुसत्या या एका चाचणीनं वाचणारा पैसा लक्षात घेता ती प्रत्येक गॅरेजनं रॅकला हात लावण्याआधी करायला हवी. चाक जॅकवर लोंबकळत असताना लिंक रॉड हलवून काही कळत नाही. एकच बाजू उचललेली असली की बार पिळलेला असतो आणि खिळखिळा जॉइंटही घट्ट वाटतो.

हात कुठे ठेवायचा

स्टिअरिंगच्या साखळीचा प्ले शोधताना गाडी जमिनीवरच राहू द्या. एकानं इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन-तीन बोटं डावी-उजवीकडे भराभर हलवायचं. दुसऱ्यानं बाहेरून चाकाच्या मागे हात घालून टायरॉड एंडच्या सांध्यावर अशी बोटं ठेवायची की अर्धी टायरॉडवर आणि अर्धी नकलवर असतील. सांधा ढिला असेल तर दोन्हींच्या मधला झटका बोटांना स्पष्ट कळतो. टायरॉड एंड हा आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा आहे, वाटीत बसलेला गोळा. झाकण फाटून आतलं वंगण गेलं की वाटी झिजते आणि गोळा आत आपटू लागतो.

मग चाक उचलायचं. इथे काळ्या मातीची आठवण ठेवा. ओल्या जमिनीवर जॅक खचतो. अंगणात फरशी किंवा कोबा नसेल तर जॅकखाली जाड फळी घाला, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा आणि गाडीखाली डोकं जाणार असेल तर घोडी, म्हणजे गाडी पेलणारा स्टँड, लावल्याशिवाय जाऊ नका. जॅक हे गाडी उचलायचं साधन आहे, पेलून धरायचं नाही.

चाक डावी-उजवीकडे, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. हललं तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड. कोणता ते रॅकचा रबरी बूट दाबून कळतं: आतला सांधा बुटातून चिमटीत धरता येतो. वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोन्ही दिशांना सारखंच हललं तर बहुधा बेअरिंग. लोअर आर्म आणि नकल यांच्या मधे टॉमी घालून हलकी उचल द्या. बॉल जॉइंट वर उडी मारत असेल तर गाडी तिथेच थांबली असं समजा. हा सांधा सुटला की चाक आडवं पडतं.

यातलं काहीच सापडलं नाही तर आता रॅक. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत पिनियन उजव्या बाजूला असतो आणि रॅकचं दुसरं टोक डावीकडे एका प्लास्टिकच्या बुशात सरकतं. ते बुश झिजलं की रॅकचा दांडा नळीत आपटतो. डावा टायरॉड हातानं वर-खाली हलवला की ते कळतं. पिनियनच्या मागे रॅकला दाबून ठेवणारा एक स्क्रू असतो. तो आवळला की खडखड जादूसारखी थांबते, म्हणून काही मेस्त्री पहिल्याच झटक्यात तोच आवळतात. मला हे धोक्याचं वाटतं. स्क्रू जरा जास्त आवळला गेला तर वळल्यानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि रॅकचे दात मधल्या जागी खाल्ले जातात. आवळायचाच असेल तर कंपनीनं दिलेल्या मापानं, आणि नंतर गाडी सावकाश चालवून स्टिअरिंग स्वतःहून परत येतं का ते पाहूनच.

रबराची कुईकुई वेगळ्या रीतीनं पकडायची. गतिरोधकावर कुईकुई होत असेल तर बाटलीनं एकेका बुशावर साधं पाणी मारा आणि प्रत्येक वेळी गाडी दाबून पाहा. ज्या बुशावर पाणी मारल्यावर आवाज थोडा वेळ थांबला तो दोषी. पाण्याऐवजी डिझेल किंवा जळकं ऑइल मारू नका. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यावर खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारायची पद्धत आहे. गंजापासून वाचते म्हणून मालक खुश असतो. पण खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. लोअर आर्मची बुश, स्टॅबिलायझरची बुश यांचं आयुष्य या फवाऱ्यानं घटतं. धुतल्यावर "खालून ऑइल नको" एवढं सांगायचं. रबराला लागलंच तर सिलिकॉनचा स्प्रे.

ज्यांनी जुनी जीप किंवा ट्रॅक्टर चालवला आहे त्यांना ग्रीस गन माहीत आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलला अजूनही निपल असतात. नव्या गाड्यांच्या टायरॉड एंडला आणि बॉल जॉइंटला निपल नसतात. ग्रीस एकदाच भरून वर रबरी झाकण बसवलेलं असतं. म्हणून त्या सांध्याचं आयुष्य म्हणजे त्या झाकणाचं आयुष्य. दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बॅटरी घेऊन हे सगळे रबरी बूट बघायचे. दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हिसिंगच्या बिलात ते कधी दिसत नाही, पण पुढचे अनेक खर्च त्यानं टळतात.

पार्ट बसवताना

टायरॉड एंड काढण्याआधी तो किती आटे आत आहे हे मोजून ठेवावं आणि नवा तितकाच फिरवून बसवावा. त्यानं चाक साधारण जागेवर येतं, पण अलाइनमेंट तरीही करावंच लागतं. धावड्याहून त्यासाठी भोकरदन, सिल्लोड किंवा बुलढाणा गाठावं लागेल, तिथवर सावकाश जावं. अलाइनमेंट टाळलं तर नव्या टायरची कड काही आठवड्यांत करवतीसारखी होते, आणि मग तो टायर घरघरू लागतो. नवा आवाज, नवा संशय.

सांधा सोडवताना स्टडच्या आट्यांवर हातोडा मारू देऊ नका. पुलर लावावा, किंवा नकलच्या कानाला बाजूनं टोला द्यावा. किल्लेदार नटाची स्प्लिट पिन नवीनच घालावी. प्लास्टिकची कडी असलेला लॉक नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नसतो. दहा-वीस रुपयांच्या या वस्तूंवर चाक टिकून असतं.

एक गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये चुकते, म्हणून ती ठळकपणे सांगतो. लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी उचललेली असताना पक्के आवळायचे नाहीत. आधी नुसते बसवायचे, चाकं लावायची, गाडी जमिनीवर उतरवायची, तिचं वजन चाकांवर आलं की मग शेवटचा टॉर्क द्यायचा. लोंबकळत्या आर्मवर आवळलेली बुश गाडी खाली आल्यावर कायमची पिळलेली राहते आणि काही महिन्यांत फाटते. नवी बुश इतक्या लवकर गेली की दोष पार्टला दिला जातो, तेव्हा बऱ्याचदा तो आवळण्याच्या क्रमाचा असतो. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि हातात धरून हलवून बघा. तो खरंच ढिला असेल तर मेस्त्रीचं निदान बरोबर होतं, आणि त्याला तसं सांगा. चांगला मेस्त्री गावासाठी मोलाचा असतो.

कोणत्या आवाजावर थांबायचं

लिंक रॉडची खडखड, बुशाची कुईकुई, डिस्कजवळची खडी यांच्यासह सावकाश घरी पोचता येतं. सीव्ही जॉइंटची कटकट सुरू झाली तर शहरात जाईपर्यंत दम निघतो, पण लांबचा प्रवास नको. बेअरिंगची घरघर चाकाच्या हलण्याबरोबर आली तर गाडी हलवू नये. टायरॉड एंड किंवा बॉल जॉइंटला डोळ्यांना दिसेल एवढा प्ले, स्प्लिट पिन गायब, स्टिअरिंग अचानक वाकडं झालेलं, कुठेतरी अडकणारं, किंवा मोकळं फिरून मग चाक वळवणारं, यांतलं काहीही असेल तर मेस्त्रीला गाडीपाशी बोलवा. गाडी मेस्त्रीपाशी नेऊ नका. आत बसलेल्यांत घरची लेकरं असतात.

कधी दोष कारखान्यातूनच आलेला असतो. २४ जुलै २०२३ रोजी मारुती सुझुकीनं एस-प्रेसो आणि ईको या गाड्यांपैकी ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या गाड्यांच्या टायरॉडच्या एका भागात दोष असू शकतो आणि क्वचित तो तुटू शकतो, असं कंपनीनंच जाहीर केलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टिअरिंग गिअरबॉक्समधल्या संभाव्य दोषामुळे २,५५५ अल्टो के१० परत बोलावल्या गेल्या आणि पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं मालकांना सांगण्यात आलं. अशी दुरुस्ती कंपनी फुकट करून देते. पण पत्र जुन्या पत्त्यावर जातं, फोन नंबर बदललेला असतो, आणि गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर नव्या मालकाला काही कळतच नाही. ईको आपल्या भागात खूप आहेत आणि त्यांतल्या अनेक दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत. आरसी बुकावरचा सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा जवळच्या अधिकृत वर्कशॉपला फोनवर सांगून आपली गाडी त्या यादीत आहे का हे आजच तपासा, आवाज येत नसला तरी.